चिनी पंचतत्त्वविचार आणि औषधी तेले

स्मरणिकेच्या संपादक मंडळाने आम्हांस यंदाच्या धानाच्या बाजारावर चार शब्द लिहावेत अशी सूचना केली होती. बाजारावर लिहिणारे आमच्याहून अधिक जाणते बंधू मंडळात आहेत, म्हणून तो विषय त्यांच्याकडे सोपवून आम्ही एक निराळाच विषय हाती घेत आहोत. गेली काही वर्षे आपल्या पुष्कळ घरांतून रंगीत झाकणांच्या लहान लहान बाटल्या दिसू लागल्या आहेत. कोणी त्या शहरातून आणतो, कोणाकडे लेकीने पाठविलेल्या असतात, कोणास प्रदर्शनात मिळतात. या बाटल्यांतील तेले चिनी पंचतत्त्वशास्त्राप्रमाणे शरीराचा समतोल राखतात, असे त्यांजबरोबर येणाऱ्या कागदावर छापलेले असते. हे शास्त्र काय आहे, त्यात आपल्या परिचयाचे किती व परके किती, आणि त्या तेलांचा त्याच्याशी खरोखर संबंध किती, याचा विचार येथे योजिला आहे. तो आम्ही का योजिला, हे लेखाच्या ओघात येईलच.

प्रारंभीच सांगणे उचित की आम्ही वैद्य नाही. आमचे शिक्षण मॅट्रिकपर्यंत झाले आणि त्यापुढील सारे आयुष्य कटंगीच्या दुकानात पोती, बारदाना आणि तराजू यांच्या संगतीत गेले. परंतु धानाबरोबर जवस, तीळ, मोहरी आणि मोहाची टोळ, जिला इकडे गुल्ली म्हणतात, हे सर्व जिन्नस आमच्या हातून गेले आहेत. त्यामुळे तेल कशाचे, कसे निघते आणि त्यात काय मिसळले जाऊ शकते एवढे तरी आम्हांस ठाऊक आहे. शास्त्राचा भाग आम्ही वाचून व वैद्यमित्रांना विचारून समजून घेतला आहे.

चिनी लोक ज्यास ‘वू शिंग’ म्हणतात, त्याचे भाषांतर ‘पंचतत्त्वे’ असे रूढ झाले आहे. ती पाच अशी: काष्ठ, अग्नी, पृथ्वी, धातू आणि जल. पण ‘शिंग’ या शब्दाचा मूळ अर्थ चालणे, गती असा आहे. म्हणून ही पाच द्रव्ये नसून पाच चाली आहेत असे समजले तर विषय लवकर उलगडतो. झाड वर व बाहेर फुटते ती काष्ठाची चाल. ज्वाला वर चढते व पसरते ती अग्नीची. धान्य पिकवून सर्वांना पोसणारी स्थिर चाल पृथ्वीची. आवरून, आटवून, टणक होण्याची चाल धातूची. खाली उतरून साठण्याची चाल जलाची. वर्षाचे ऋतूही या चालींतच बसविलेले आहेत. वसंत काष्ठाचा, ग्रीष्म अग्नीचा, ग्रीष्माचा शेवट पृथ्वीचा, शरद धातूचा आणि हिवाळा जलाचा. चीनमध्ये इसवी सनापूर्वी तिसऱ्या शतकात त्सौ येन या विचारवंताने हा विचार राजवंशांच्या उदयास्ताला लावला. पुढे ‘ह्वांगडी नेईचिंग’ या प्राचीन वैद्यकग्रंथात तो शरीराला लावलेला सापडतो.

या पाचांची दोन वर्तुळे मानलेली आहेत. पहिले जन्माचे. लाकडापासून अग्नी, अग्नीच्या राखेतून माती, मातीतून धातू, धातूवर दव जमून जल आणि जलाने पुन्हा झाड. दुसरे वर्तुळ अंकुशाचे. झाडाची मुळे मातीला फोडतात, माती पाण्याला बांध घालते, पाणी अग्नी विझविते, अग्नी धातू वितळवितो आणि धातूची कुऱ्हाड झाड तोडते. शरीरात यकृत व पित्ताशय काष्ठाचे, हृदय व लहान आतडे अग्नीचे, प्लीहा व जठर पृथ्वीचे, फुप्फुस व मोठे आतडे धातूचे, मूत्रपिंड व मूत्राशय जलाचे. प्रत्येकास एक रंग, एक चव आणि एक मनोविकारही जोडून दिलेला आहे. काष्ठास हिरवा रंग, आंबट चव व क्रोध. अग्नीस तांबडा, कडू व अतिहर्ष. पृथ्वीस पिवळा, गोड व चिंतन. धातूस पांढरा, तिखट व शोक. जलास काळा, खारट व भय.

उपचाराचा नियमही याच वर्तुळांतून निघतो. एखादे तत्त्व क्षीण झाले तर त्याच्या ‘आई’ला बळ द्यावे आणि एखादे माजले तर त्याच्या ‘मुला’चा निचरा करावा. जुनाट खोकल्याचा अशक्त रोगी आला तर चिनी वैद्य फुप्फुसाबरोबर त्याची पचनशक्ती पाहतो, कारण धातूची आई पृथ्वी. हे ऐकून आम्हांस आमच्या आजीची आठवण झाली. नातवाला खोकला झाला की ती प्रथम त्याचे पोट चाचपून पाहत असे. चीनचे नाव तरी तिने ऐकले होते की नाही, शंकाच आहे.

आता हे आपल्या पंचमहाभूतांशी ताडून पाहावे. पृथ्वी, आप व तेज ही तीन नावे दोहोंकडे आहेत. आपल्याकडील वायू व आकाश चिनी यादीत नाहीत आणि त्यांच्याकडील काष्ठ व धातू आपल्या यादीत नाहीत. पण खरा फरक नावांचा नाही. आयुर्वेदात महाभूते हा देहाचा माल आहे. त्या मालातून वात, पित्त, कफ सिद्ध होतात. वायू व आकाश यांपासून वात, तेजापासून पित्त, आप व पृथ्वी यांपासून कफ. आपला वैद्य विचारतो, काय वाढले व काय घटले? चिनी वैद्य विचारतो, चाल कोठे अडली? एकाची दृष्टी कोठारातील साठ्यावर, तर दुसऱ्याची मालाच्या आवक-जावकीवर आहे, असे व्यापारी भाषेत म्हणता येईल. म्हणून ‘चिनी पंचतत्त्वे म्हणजे आपलीच पंचमहाभूते’ असे जे सर्रास सांगितले जाते, ते बरोबर नाही.

येथे एक गंमत सांगावीशी वाटते. आयुर्वेद रस सहा मानतो, चिनी पाच मानतात, आणि आपल्या जैन आगमपरंपरेतही पुद्गलाचे रस पाचच सांगितले आहेत. मात्र ते पाच तेच नव्हेत. चिनी यादीत खारट आहे व तुरट नाही. आपल्या यादीत तुरट म्हणजे कषाय आहे व खारट वेगळा धरलेला नाही. शिवाय जैन दर्शनात पृथ्वीचे परमाणू वेगळे, जलाचे वेगळे असा मूळचा भेदच नाही. पुद्गलाचा परमाणू एकाच जातीचा, त्याचे परिणमन मात्र भिन्न भिन्न. ज्यांना तत्त्वचर्चेची गोडी आहे त्यांनी हा धागा पंडितांकडे न्यावा. आम्ही मात्र आता तेलाकडे वळतो.

प्राचीन चिनी वैद्यकात मुख्य औषध म्हणजे काढा. त्याखालोखाल चूर्णे, गोळ्या, लेप, सुया आणि दवण्याच्या जातीच्या वनस्पतीची धुरी. मुरगळणे, मुका मार यांवर चोळावयाची औषधेही आहेत. परंतु भट्टीतून काढलेले सुगंधी तेल पाच तत्त्वांत वाटून देण्याची पद्धत त्या जुन्या ग्रंथांतील नव्हे. सुगंधी तेलांच्या उपचाराला ‘अरोमाथेरपी’ हे नाव गात्फोसे या फ्रेंच रसायनतज्ज्ञाने दिले व 1937 साली त्याच नावाचा ग्रंथ प्रसिद्ध केला. पुढे पाश्चात्त्य देशांतील उपचारकांनी त्यावर चिनी पंचतत्त्वांची चौकट बसविली. म्हणजे नीलगिरीचे तेल धातूचे, गुलाबाचे अग्नीचे, ही वाटणी आपल्या आयुष्यातील आहे. दोन हजार वर्षांची परंपरा म्हणून जी बाटली विकली जाते तिच्यातील बूच जुने आणि माल नवा असा हा प्रकार आहे.

याउलट आपल्याकडे तेल हेच औषधाचे वाहन होय. वातावर तेल, पित्तावर तूप व कफावर मध, अशी आयुर्वेदाची प्रसिद्ध व्यवस्था आहे. तेल सिद्ध करण्याचे मापही ठरलेले आहे. एक भाग वनस्पतींचा कल्क, चार भाग तेल व सोळा भाग काढा किंवा अन्य द्रव. हे मंदाग्नीवर आटवावयाचे. कल्क बोटांनी वळला असता त्याची वात होते काय, ती विस्तवावर धरली असता तडतडते काय, हे पाहावयाचे. तडतडली तर पाणी शिल्लक आहे. तेलास फेस येऊ लागला की पाक झाला. तुपाचे उलट आहे, तेथे फेस मरतो तेव्हा पाक होतो. पाकाचेही तीन प्रकार आहेत. मृदू पाकाचे तेल नाकात घालण्यास, खर पाकाचे अंगास चोळण्यास आणि मध्यम सर्व कामांस. आमच्या घरी आईच्या हयातीत हिवाळ्याच्या आरंभी असे निर्गुडीचे तेल होत असे. दिवसभर चूल सोडून कोणी हालत नसे आणि वात तडतडण्याची परीक्षा पाहण्याचा मान मुलांना मिळे. ज्या तेलास करावयास एक दिवस लागतो त्याचा भाव आणि दोन थेंब वास घातलेल्या तेलाचा भाव यांत जे अंतर असावयास हवे, ते आज बाजारात उलटे पडलेले दिसते.

आपल्या समाजातील कुटुंबांनी तेल घेताना एक गोष्ट अवश्य पाहावी. ‘महामाष तैल’ हे वातविकारांवरील नावाजलेले तेल आहे. त्याचे पाठ दोन आहेत, एक सामिष व दुसरा निरामिष. सामिष पाठात बकऱ्याचे मांस येते. दोन्हींचे नाव एकच असल्यामुळे बाटलीवरील घटकांची यादी वाचल्याशिवाय भेद कळत नाही. ‘लाक्षादी तैल’ लहान मुलांस लावतात, त्यातील लाख हे किड्यांपासून होणारे द्रव्य आहे. कोणी काय घ्यावे हे ज्याने त्याने ठरवावे, पण अजाणता घेऊ नये.

या बाबतीत आपल्या पूर्वाचार्यांनी केवढे कार्य केले आहे हे पुष्कळांस ठाऊक नसते. नवव्या शतकात, राष्ट्रकूट सम्राट अमोघवर्ष नृपतुंग याच्या काळात, उग्रादित्याचार्यांनी ‘कल्याणकारक’ हा संपूर्ण वैद्यकग्रंथ रचिला. मद्य, मांस व मधु यांस फाटा देऊन चिकित्सा करता येते हे त्यांनी त्यात दाखविले, आणि शेवटी हिताहित प्रकरण जोडून मांस औषध म्हणून निष्फळ असल्याचे राजसभेतील विद्वानांपुढे प्रतिपादिले. कफावर मध हा ज्या शास्त्राचा पाया, तेथे मध वगळून उभे राहणे ही काही लहानसहान गोष्ट नव्हे. ग्रंथ रामगिरी येथे रचल्याचा त्यात उल्लेख आहे. रामगिरी म्हणजे आपले रामटेक असे म्हणण्याचा मोह आम्हां नागपूरकडच्या लोकांस होतो, परंतु ग्रंथातच वेंगी व त्रिकलिंग देशाचे नाव असल्यामुळे तो आंध्रातील रामतीर्थम् होय, हे मत अधिक सयुक्तिक दिसते. हा ग्रंथ पं. वर्धमान पार्श्वनाथ शास्त्री यांनी संपादून हिंदी अनुवादासह 1940 साली सोलापूरच्या सखाराम नेमचंद ग्रंथमालेतून प्रकाशित केला.

योगायोग असा की आपल्या मराठी मुलखाचा चीनशी वैद्यकाच्या मार्गाने जो संबंध आला, त्याचा एक धागाही सोलापूरचाच आहे. डॉ. द्वारकानाथ कोटणीस यांचा जन्म 1910 साली सोलापुरात झाला. जपानच्या आक्रमणाशी झुंजणाऱ्या चीनच्या साहाय्यास 1938 साली पाच डॉक्टरांचे पथक भारतातून गेले. अटल, चोळकर, कोटणीस, बसू व मुखर्जी अशी त्यांची नावे. त्यांपैकी डॉ. चोळकर हे नागपूरचे, म्हणजे आमच्या प्रांताचेच. डॉ. कोटणीस 9 डिसेंबर 1942 रोजी चीनमध्येच दिवंगत झाले. त्यांच्या जीवनावर व्ही. शांताराम यांनी 1946 साली काढलेला बोलपट आमच्या वडिलांच्या पिढीने पाहिला होता. कोटणीस हे शस्त्रवैद्य होते. त्यांनी तेथे जखमींवर आधुनिक शस्त्रक्रिया केल्या, पंचतत्त्वांची चिकित्सा नव्हे. त्यांचे नाव छापून तेले विकणाऱ्यांनी एवढे ध्यानी घ्यावे. चिनी उपचार त्या पथकातून भारतात आणला तो डॉ. विजयकुमार बसू यांनी. ते 1958 च्या सुमारास पुन्हा चीनला गेले, सुया टोचण्याची विद्या शिकले आणि परत येऊन कलकत्त्यास तिचा उपयोग करू लागले. पुढे ती विद्या देशभर पसरली आणि महाराष्ट्र शासनाने तिच्यासाठी स्वतंत्र कायदाही केला.

सुगंधी तेलाच्या बाबतीत आपण चीनकडे किंवा फ्रान्सकडे तोंड करण्याचे कारणच काय, असेही आमच्या मनात येते. निमाड, बैतूल, मेळघाट व खानदेश या आपल्या शेजारच्या डोंगरांत रोशा गवत होते. त्यास संस्कृतात रोहिष म्हणतात. त्याच्या दोन जाती आहेत, मोतिया व सोफिया. मोतिया उघड्या, कोरड्या उतारावर वाढते व तिचे तेल उंची. सोफिया सावलीच्या ओलसर जागेतील, तिचे तेल हलके. एकोणिसाव्या शतकात खानदेशातील रानांत ओढ्याकाठी भट्ट्या लावून हे तेल काढीत, आणि ते मुंबईहून तांबड्या समुद्राच्या बंदरांमार्गे तुर्कस्तानात जाई. तेथे ते गुलाबाच्या अत्तरात मिसळण्याच्या कामी येत असे, कारण दोहोंत जिरॅनिऑल हे एकच सुगंधी द्रव्य मुख्य आहे. त्यावरून युरोपच्या बाजारात आपल्या रोशा तेलाचे नाव चक्क ‘तुर्की’ पडले. आपल्याच डोंगरातील माल परदेशी नावाने परत घेण्याची ही रीत नवी नाही! खेड्यांतून हे तेल सांधेदुखीवर चोळण्यास वापरीत आले आहेत.

तेल चोळल्याने गुण येतो तो काय व किती, हा खरा प्रश्न. चोळण्याने स्नायू सैल होतात, त्वचेचा कोरडेपणा जातो व झोप चांगली लागते, हा सर्वांच्या अनुभवाचा भाग आहे. मात्र कफ वाढला असता व अजीर्ण असता तेल लावू नये, असे खुद्द वाग्भट सांगतो. पुदिन्याचे फूल, ओव्याचे फूल व कापूर हे तीन कोरडे पदार्थ समभाग एकत्र केले की आपोआप पाणी होते. हीच आपली घरगुती अमृतधारा. रंगूनच्या चिनी घराण्याने काढलेल्या वाघछाप डबीतही, मुंबईत 1893 साली सुरू झालेल्या अमृतांजनातही, याच कुळातील द्रव्ये आहेत. ती लावताच थंड वाटते. पण त्वचेचे तापमान मोजले तर तेवढे उतरलेले नसते. आपल्या मज्जातंतूंच्या टोकांस थंडी ओळखणारे एक द्वार असते व पुदिन्याचा अर्क ते द्वार थंडीवाचूनच उघडतो. मिरचीचा तिखटपणा असाच उष्णतेचे द्वार उघडतो. या संशोधनाबद्दल डेव्हिड ज्युलियस यांना 2021 साली नोबेल पारितोषिक विभागून मिळाले. तेव्हा थंड वाटणे म्हणजे आतील ‘अग्नितत्त्व’ शांत होणे नव्हे. पण वेदनेवरून लक्ष वळते व आराम वाटतो, हे खरे आहे आणि एवढेही थोडके नाही.

आता जपण्याच्या गोष्टी. कापूर व नीलगिरीचे तेल लहान मुलाच्या पोटात गेल्यास झटके येतात, म्हणून अशा बाटल्या मुलांच्या हाती लागू देऊ नयेत. विंटरग्रीनचे तेल त्वचेतून रक्तात उतरते. ज्यांना रक्त पातळ ठेवण्याची वॉरफरिनसारखी गोळी चालू आहे, त्यांनी ते वैद्यास विचारल्यावाचून चोळू नये.

याहून मोठे भय भेसळीचे व नामसाम्याचे. आम्हा व्यापाऱ्यांस हे अधिक कळावे. बेल्जियममध्ये 1990 नंतरच्या वर्षांत वजन उतरविण्यासाठी चिनी वनस्पती घेतलेल्या शंभरावर स्त्रियांची मूत्रपिंडे निकामी झाली. शोध करता दिसले की ‘फांग-ची’ या नावाच्या एका निरुपद्रवी मुळीऐवजी त्याच नावाची दुसरी मुळी गेली होती. ती आपल्याकडील ईश्वरीच्या कुळातील होती व त्या कुळात मूत्रपिंडास घातक असे विष असते. एका चिठ्ठीवर दोन माल! आपल्याकडे 1998 साली दिल्लीत मोहरीच्या तेलात सत्यानाशीचे, म्हणजे पिवळ्या धोत्र्याचे तेल मिसळले गेले व साठाहून अधिक माणसे प्राणास मुकली. सत्यानाशीचा दाणा मोहरीएवढाच असतो. परंतु मोहरी गुळगुळीत असते आणि याची पाठ खरखरीत, जाळीदार असते. मूठभर मोहरी पांढऱ्या कापडावर पसरून भिंगातून पाहिली तर कळते. तेल झाल्यावर मात्र डोळ्यांस कळत नाही, तेव्हा प्रयोगशाळेत नत्राम्लाची परीक्षा करावी लागते. आमच्या दुकानात नवी मोहरी आली की आजही कापड पसरले जाते.

चिनी वैद्यकात काही सार नाही, असे मात्र कोणी समजू नये. आमच्या बालाघाट जिल्ह्यात, विशेषतः बैहर व लांजीकडील रानांत, मलेरियाने किती घरे बसविली हे जुन्या लोकांस विचारावे. त्यातील घातक प्रकारच्या तापावर आज जे औषध सरकारी दवाखान्यांतून मिळते त्याचे मूळ आर्टिमिसिनिन, आणि ते चीनमधील छिंगहाव या वनस्पतीतून आले. थू योयो या विदुषीने शेकडो जुने पाठ तपासले. चौथ्या शतकातील को हुंग याच्या ग्रंथात ती वनस्पती पाण्यात भिजवून पिळून रस घ्यावा असे तिने वाचले आणि कढविल्याने गुण जात असावा हे ताडले. 1971 साली कमी उष्णतेवर काढलेला अर्क उंदीर-वानरांवर पूर्ण लागू पडला. नंतर तो तिने प्रथम स्वतः घेऊन पाहिला. 2015 साली तिला नोबेल पारितोषिकाचा अर्धा वाटा मिळाला. वनस्पती जुनी, पाठ जुना, पण तो मान्य झाला तो कसास उतरल्यावर. ताप काष्ठाचा की अग्नीचा, या प्रश्नाची त्या कामी गरज पडली नाही.

आता आमच्या घरची हकीकत. 2022 च्या दिवाळीनंतर आमच्या सौभाग्यवतींच्या तळपायांची आग होऊ लागली. थकवा येई, रात्री तीन-चार वेळा उठावे लागे. आमच्या एका आप्ताच्या सल्ल्याने आम्ही त्यांना एका मोठ्या शहरातील उपचारकेंद्रात नेले. तेथील गृहस्थांनी नाडी पाहिली, जीभ पाहिली, भीती वाटते काय म्हणून विचारले आणि जलतत्त्व क्षीण असल्याचे सांगितले. मूत्रपिंड व मूत्राशय जलाचे, पाय खालचे म्हणून जलाचे, भय जलाचे, ऋतू हिवाळ्याचा. सारे जुळले. जलाची आई धातू, म्हणून छातीला धातूचे तेल व तळपायांना जलाचे तेल, आणि तेल ‘आत उतरावे’ म्हणून वरून गरम पाण्याची पिशवी. पाच बाटल्यांचे साडेसात हजार रुपये आम्ही आनंदाने मोजले. रक्त तपासा असे त्यांनी म्हटले नाही आणि आमच्याही मनात आले नाही.

चार महिने हे चालले. आग कमी झाली तेव्हा आम्हांस गुण आला असे वाटले. वस्तुतः पायांची संवेदनाच जात चालली होती. एके रात्री पिशवी जास्त गरम झाली, ती त्यांस कळली नाही. सकाळी उजव्या करंगळीवर फोड दिसला. तेलाने बरा होईल म्हणून आणखी तीन आठवडे गेले. नागपूरला नेले तेव्हा उपाशीपोटी साखर 268 निघाली आणि करंगळी काढावी लागली. डॉक्टरांनी एकच विचारले, “शेठजी, घरात कोणी एकदाही साखर तपासली नाही काय?” आम्ही निरुत्तर होतो.

आम्ही ह्या गोष्टीचा पुष्कळ विचार केला. त्या गृहस्थांनी लबाडी केली असे आम्हांस वाटत नाही, त्यांचा स्वतःचा विश्वास असावा. त्यांचा हिशेबही चुकला नव्हता, प्रत्येक आकडा दुसऱ्याशी मिळत होता. परंतु खतावणी जुळली म्हणजे माल गोदामात आहे असे नव्हे, हे आम्हांस शिकवावयास कोणी बाहेरचा यावा लागू नये. धानाचा ओलावा पाहिल्यावाचून, दाणा दाताखाली फोडल्यावाचून आम्ही एक कट्टा उतरून घेत नाही. घरच्या माणसाच्या बाबतीत मात्र नुसत्या चिठ्ठीवर माल घेतला. पाच तत्त्वांची चौकट अशी आहे की कोणतेही लक्षण तिच्यात कोठे ना कोठे बसतेच. जे कधी न जुळणे शक्य नाही, त्याच्या जुळण्याला पुरावा म्हणता येत नाही.

तरी आमच्या घरातून तेल गेले नाही. निर्गुडीचे तेल सुनेने पुन्हा सुरू केले आहे, आईच्याच मापाने. रसपरित्यागाच्या दिवसांत पोटातील तेल बंद असते, अंगाचे चालू असते. सौभाग्यवतींची औषधे, पथ्य व दर तीन महिन्यांची रक्ततपासणी नियमित होते. उपवासाच्या व चौविहाराच्या दिवसांत गोळ्या कशा घ्याव्यात हे डॉक्टरांस आधी विचारून लिहून ठेविलेले आहे, कारण मधुमेहात गोळी घेऊन उपाशी राहिल्यास साखर एकाएकी खाली जाते. रोज रात्री दिव्याखाली त्यांचे दोन्ही तळपाय आम्ही स्वतः पाहतो. ओरखडा, फोड, रंगात फरक काही आहे काय ते पाहून झाल्यावर साधे तिळाचे तेल थोडे लावतो. बोटांच्या बेचक्यांत मात्र लावीत नाही, तेथे ओल राहून कातडी कुजते असे डॉक्टरांनी सांगितले आहे. गरम पाण्याची पिशवी घरातून काढून टाकली आहे.